इंजिनिअर नसताना बायोएनर्जीत पीएचडी जमेल का? जमेल, पण आधी विषय बारीक कर

प्रश्न मोठा होता, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी इंदूरची, बी.एससी. बायोटेक करून आता एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात पीएचडी करायची इच्छा आहे आणि त्यातही बायोएनर्जीवर, म्हणजे पिकं आणि कचरा यांपासून बनणाऱ्या ऊर्जेवर. विषय ठरवलाय "भारतातील बायोएनर्जी आणि शाश्वत विकास". शंका तीन, की इंजिनिअर नाही तर या विषयात कोणी विचारेल का, इंदुरात राहून होईल का की दिल्ली किंवा परदेशच गाठावं लागेल, आणि शेवटी नोकरी आहे का, कारण बाबा म्हणतायत की हे सगळं सोड आणि एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा, दे.

मी या विषयात बरीच वर्षं शिकवतेय, पीएचडीची मुलं मार्गी लावलीत, काही मधेच सोडून गेलेलीही बघितलीत. एकेरीत बोलते, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस.

आधी हे सांगते की तुझ्या तीनही शंका खऱ्या असल्या तरी तुझं घोडं अडलंय ते तिथे नाही. ते अडलंय विषयाच्या नावात. "भारतातील बायोएनर्जी आणि शाश्वत विकास" हा विषय नाहीये ग, हा सेमिनारच्या बॅनरवरचा मजकूर आहे. यात कोणाला काय विचारणार, कुठला आकडा मोजणार, तो आकडा उलटा आला तर काय म्हणणार, यातलं काहीच दिसत नाही. आणि विषय असा मोघम असला ना की बाकीच्या शंका आपोआप मोठ्या वाटायला लागतात, कारण मोघम विषयात इंजिनिअर तुझ्यापेक्षा हुशार वाटणार, दिल्लीवाला जास्त जाणणारा वाटणार आणि परदेशातला तर काय विचारूच नको.

माझं मत सरळ आहे, सगळ्यांना पटत नाही तरी सांगते. बायोएनर्जीत अर्थशास्त्राच्या माणसाने इंधनावर काम करू नये, कच्च्या मालावर करावं. म्हणजे इथेनॉल, बायोडिझेल, बायो-सीएनजी यावर नाही, तर ज्यापासून ते बनतं त्या उसावर, मक्यावर, नरवाईवर (कापणीनंतर शेतात उरणाऱ्या खुंटांवर), ओल्या कचऱ्यावर. प्लांटच्या गेटच्या आत जे काही होतं ते केमिकल इंजिनिअर आणि मायक्रोबायोलॉजीवाले तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतात, पण तो माल गेटपर्यंत कुठून आला, आधी तो कोण कशाला वापरत होतं, आता त्याला काय भाव मिळतोय आणि त्याच्या जागी दुसरं काय वापरायला लागलं, हे त्यांना माहीत नसतं, बहुतेक वेळा विचारावंसंही वाटत नाही. आपलं काम तिथे आहे.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला २००८ चा. त्याआधी अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलचा हिशोब असा व्हायचा की पेट्रोलपेक्षा कार्बन साधारण २० टक्के कमी. सर्चिंगर नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या जर्नलमध्ये पेपर लिहिला आणि विचारलं की मका इंधनाला गेला तर मक्याचा भाव वाढणार, भाव वाढला की जगात दुसरीकडे कुठेतरी जंगल किंवा कुरण मोडून शेती होणार, तो कार्बन कोणाच्या खात्यात? तो धरला तर ३० वर्षांच्या हिशोबात उत्सर्जन कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट निघालं. पुढे त्या आकड्यावर भरपूर वाद झाले, नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत तो बराच खाली आला, ते तू वाचशीलच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. ही चूक कुठल्या रिॲक्टरमध्ये सापडली नाही, ती भावाच्या मॉडेलमधून सापडली. म्हणजे तुझी पहिली शंका इथेच निम्मी मिटते.

आता इंदुरात बसून हे कसं करायचं ते बघ, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला वाटतं आपल्या दाराशी जे आहे ते आपल्याच मुलांना दिसत नाही.

देवगुराडियाचा गोबरधन प्लांट तुला माहीत असणारच, १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून साधारण १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत अपेक्षित, १५० कोटींची गुंतवणूक खाजगी कंपनीची, आणि निम्मा तरी गॅस महापालिका विकत घेणार असा करार. सगळे हे आकडे पाठ म्हणून दाखवतात. आपण त्यांच्याशी जरा खेळू. १७,००० भागिले ५५०, म्हणजे टनाला ३१ किलोच्या आसपास गॅस. आता १५० कोटी २० वर्षांवर पसरव, वर्षाला ३३० दिवस प्लांट चालला असं धर आणि भांडवलाचा दर, म्हणजे व्याज, १० टक्के घे. वर्षाचा हप्ता येतो साडेसतरा कोटींच्या वर, आणि किलोमागे फक्त भांडवलाचा खर्च येतो साधारण ३१ रुपये. वीज, मजुरी, दुरुस्ती सगळं वेगळं. आता दर १० च्या जागी ६ टक्के कर, तोच खर्च २३ वर येतो. आणि दर १० च ठेव पण प्लांट निम्म्याच क्षमतेवर चालला असं धर, तर तो ६३ च्या आसपास जातो. हे प्लांटचे खरे हिशोब नाहीत हां, मी पाकिटाच्या पाठीवर केलेले आहेत, पण यातून दिसतं काय की व्याजदराने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो प्लांटला माल पुरेसा मिळतोय की नाही याने. आणि नुसता माल नाही, निवडलेला माल.

मग पुढचा प्रश्न, की तो कचरा निवडतं कोण? आपल्याकडे सकाळी गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे. हे रोज कोण करतं घरात? आई, आजी, सून, कामाला येणाऱ्या मावशी. त्या वेळेची किंमत कुठल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बघितलीस? कच्चा माल "फुकट" असं लिहिलेलं असतं, तो फुकट नाहीये, त्याचं बिल फक्त कोणी फाडत नाही. बरं यात लगेच अन्याय-अन्याय म्हणून ओरडायचीही गरज नाही, कदाचित लोकांना स्वच्छ गल्लीचा फायदा त्या दहा मिनिटांपेक्षा मोठा वाटत असेल. पण ते मोजायला लागेल ना. राजेंद्रनगरात आणि बाणगंगेत, इंदूरच्याच दोन वेगळ्या वस्त्यांत, ते सारखं निघेल का? भाडेकरूंच्यात आणि घरमालकांच्यात? हा एका पीएचडीचा मस्त प्रश्न आहे आणि यासाठी दिल्लीला जायचं कारण नाही, उलट दिल्लीवाल्यांना इथे यावं लागेल कारण घराघरातून एवढ्या शिस्तीने निवडलेला कचरा त्यांच्याकडे कुठे आहे.

दुसरी गोष्ट सोयाबीनची, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा भारी आहे. माळव्यात राहतेस, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या खंडवा रोडवर, सोया तेलवाल्यांची 'सोपा' नावाची संघटनाही इंदुरातली, आणि तरीही आमच्या मुलांना इथेनॉल म्हटलं की उत्तर प्रदेशचा ऊस आठवतो. झालं काय बघ. २०१८ च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० चं होतं, २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर आणलं. मग २०२३ मध्ये पाऊस कमी, जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला देणं बंद झालं, डिसेंबरात उसाच्या रसावर बंधन आलं. राहिला कोण, मका. मक्याला मागणी अशी वाढली की एरवी निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका बाहेरून मागवायला लागला. इथपर्यंत पेपरात येतं.

पेपरात कमी येतं ते पुढचं. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं आणि मागे राहतो तो चोथा, ज्याला धंद्यात डीडीजीएस म्हणतात, तो निघतो ३०० किलोच्या आसपास. समज एक कोटी टन मका इथेनॉलला गेला तर ३८० कोटी लिटर इंधन मिळालं आणि ३० लाख टन डीडीजीएस बाजारात आला. तो जातो कुठे? कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात. तिथे आधीपासून कोण बसलंय? सोयाची डीओसी, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी सगळी पेंडच, त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलापेक्षाही पेंडीच्या जीवावर चालतो. पेंडीला स्वस्त प्रतिस्पर्धी आला की छावणीच्या मंडीत सोयाबीनच्या बोलीवर दाब येणार. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि मंडीत भाव त्याच्या खाली होते, शेतकरी ६,००० मागत रस्त्यावर आलेले तू बघितलेच असशील. आणि मका पिकवणाऱ्याला मात्र त्याच धोरणाने हात दिला. एकाच राज्यात, कधीकधी एकाच गावात, एका बांधावरचा खूश आणि दुसऱ्या बांधावरचा नाराज, आणि कारण एकच.

आता इथे घाई करू नकोस. हे मी जेवढं गोडीने सांगितलं तेवढं सिद्ध झालेलं नाहीये. सोयाबीन पडण्याला जगात भरपूर पीक हेही कारण होतं, बाहेरून येणारं तेल हेही होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं ते भावाला वर ढकलणारं होतं, आणि २०२५ च्या मे अखेरीस परत कमी करून १६.५ वर आणलं. डीडीजीएस पण डीओसीची जागा एकास एक घेत नाही, डीओसीत प्रोटीन ४५ टक्क्यांच्या पुढे आणि मक्याच्या डीडीजीएसमध्ये २५-३०, शिवाय मक्यात बुरशीचं विष असेल तर स्टार्च निघून गेल्यावर चोथ्यात ते तिपटीच्या आसपास घट्ट होतं म्हणून पोल्ट्रीवाले हात राखून वापरतात. तर मग भावातल्या पडझडीतला इथेनॉलचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, हे वेगळं काढणं हीच तुझी पीएचडी. मंडीचे रोजचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर मिळतात, धोरण कुठल्या तारखेला बदललं ते माहीत आहे, डिस्टिलरी कुठल्या जिल्ह्यात आहेत तेही काढता येतं. जवळच्या मंड्या आणि लांबच्या मंड्या, आधी आणि नंतर, यातून काहीतरी हाताला लागतं. सोपं नाही, पण प्रश्न आहे. माहितीचा ढीग वेगळा आणि प्रश्न वेगळा.

आणि इथे तुझं बायोटेक कामाला येतं, जे तू प्रश्नात अगदी लाजत-लाजत लिहिलंयस. प्रोटीन, ओलावा, किण्वन हे शब्द ऐकून तू घाबरणार नाहीस, सरळ एम.ए. केलेला मुलगा घाबरतो. इंजिनिअरिंग लागतं ते एवढंच की एका टनाचं काय होतं ते तुला पायरी-पायरीने कागदावर मांडता आलं पाहिजे. टन म्हणजे ओला टन की सुका टन? ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, तो टन आणि भुशाचा टन एका रकान्यात लिहिला की पुढचा सगळा हिशोब गेला. उतारा किती, प्लांट वर्षातून किती दिवस चालतो, गाडीभाडं टनावर की फेरीवर. परीक्षक म्हणून तोंडीला बसले की माझा पहिला प्रश्न हाच असतो आणि चांगले-चांगले तिथे अडखळतात, कारण मॉडेल सॉफ्टवेअरने चालवलेलं असतं आणि आकडा कुठल्यातरी पेपरातून उचललेला असतो. एक काम कर, एखादा चालू प्लांट परवानगी काढून नीट बघ, चोइथराम मंडीतला भाजीच्या कचऱ्यावरचा छोटा प्लांटही चालेल, आणि तिथल्या सुपरवायझरला विचार की कुठल्या महिन्यात गॅस कमी येतो आणि का. त्या उत्तरातून जे कळतं ते पुस्तकात नसतं.

शिकायचं काय म्हणशील तर इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक परिणाम मोजायचं शास्त्र, आणि ते नेटपुरतं (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेपुरतं) नाही तर खरंखुरं, आर किंवा स्टाटा हे सॉफ्टवेअर हाताशी पाहिजे. दुसरं, ज्या गोष्टीला बाजारभावच नाही तिची किंमत काढायच्या पद्धती. लोकांना विचारून, घरांच्या किमतीवरून, प्रवास खर्चावरून, या सगळ्या. यात विचारून काढायची पद्धत दिसते सोपी आणि फसवते जास्त. आपल्याकडे "स्वच्छ हवेसाठी महिन्याला किती द्याल" विचारलं की अर्धी माणसं मोठेपणाने पाचशे म्हणतात कारण खरंच कोणी मागणार नाहीये, आणि अर्धी म्हणतात सरकारने द्यावे, आम्ही टॅक्स भरतो. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फिरतं, म्हणून पैसे कशातून वसूल होणार ते आधी सांगायचं, पाणीपट्टीत की कचऱ्याच्या शुल्कात, आणि एक ठराविक रक्कम पुढे ठेवून हो की नाही विचारायचं. गावात जाशील तर मालवी बोली कानाला पाहिजे, आणि जमीन बिघ्यात सांगतील तर त्यांचा बिघा किती तेही विचारून घे, गावागणिक वेगळा निघतो. तिसरं, लाइफ सायकल ॲसेसमेंट, म्हणजे कच्च्या मालापासून शेवटपर्यंतचा पर्यावरणाचा हिशोब, निदान दुसऱ्याने केलेलं वाचून त्यात कुठे दांडी मारलीय ते ओळखता येईल एवढं. जगाच्या व्यापाराची मोठी मॉडेल्स, जीटॅप वगैरे, ती नंतर. त्याच्या मागे पहिल्याच वर्षी लागलीस तर तीन वर्षं मॉडेल शिकण्यात जातील आणि प्रश्न राहील बाजूला.

एक मात्र नीट ऐक, कारण वर मी कच्चा माल धर म्हटलं त्याचा उलटा अर्थही निघू शकतो. कच्चा माल प्रश्नासाठी धरायचा, करिअर त्याच्या गळ्यात बांधायचं नाही. रतनजोतीचं, म्हणजे जट्रोफाचं, काय झालं ते आपल्या मध्य प्रदेशात सगळ्यांनी बघितलंय. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाचा पुरस्कार केला, २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं, पडीक जमिनीवर बिनपाण्याचं तेल येणार अशी हवा. पडीक जमिनीवर झाड जगलं पण बी धरलं नाही, आणि जिथे पाणी-खत देऊन धरलं तिथे शेतकऱ्याला त्यापेक्षा दुसरं काहीही परवडत होतं. शिवाय "पडीक" म्हणून नकाशावर दाखवलेल्या जमिनीत कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. त्या काळात ज्यांनी जट्रोफाच्या अर्थकारणावर पीएचडी केली त्यातले जे "जट्रोफातज्ज्ञ" झाले ते अडकले, आणि जे गावाच्या सामायिक जमिनीचे, चराईचे, तिथल्या हक्कांचे अभ्यासक झाले त्यांचं आजही चाललंय. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी. तू सोयाबीन आणि डीडीजीएसवर काम केलंस तरी तुझी ओळख "शेतमालाच्या भावावर ऊर्जाधोरणाचा परिणाम मोजणारी" अशी व्हायला पाहिजे. उद्या मक्याचं भूत उतरलं तरी तू रिकामी बसणार नाहीस.

आता इंदूर की बाहेर. हे खरंच परिस्थितीवर आहे, घरचे किती मोकळे सोडतात, पैसे किती, आणि मुख्य म्हणजे गाइड कोण मिळतो यावर. जागा आणि गाइड यात निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून गाइड म्हणेन. इथल्या इथे देवी अहिल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभागही आहे आणि ऊर्जा व पर्यावरण अभ्यासाचाही, दोन्हीकडची माणसं सल्लागार समितीत घेता आली तर सोन्याहून पिवळं. सिमरोलला आयआयटीत मानव्य आणि सामाजिक शास्त्रांच्या विभागात अर्थशास्त्राची पीएचडी होते. भोपाळला वन व्यवस्थापन संस्था आहे. बाहेर जायचं तर दिल्लीची टेरीची संस्था आणि इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, पुण्याची गोखले. मराठी घरातल्यांना पुणे म्हटलं की लगेच बरं वाटतं, मावशी-आत्या असते तिथे, पण त्यावर ठरवू नकोस. गाइडची चौकशी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे कर, आणि विचारायचं हे की थीसिसचं प्रकरण परत द्यायला किती वेळ लावतात, पेपरवर नाव कोणाचं आधी टाकतात, आणि घरची कामं सांगतात का. हसू नकोस, सांगतात.

मधला मार्ग पण आहे. पीएचडी इथे करून बाहेरची हवा घ्यायची. सॅन्डी म्हणून दक्षिण आशियातल्या पर्यावरण अर्थशास्त्राचं जाळं आहे, काठमांडूहून चालतं, त्यांची ट्रेनिंग आणि छोटे संशोधन निधी आपल्यासारख्या विद्यापीठातल्या मुलांसाठीच असतात. ऑस्ट्रियात आयआयएएसए ही संशोधन संस्था आहे, तिथे पीएचडीच्या मुलांसाठी उन्हाळ्यात तीन महिन्यांचा कार्यक्रम असतो, ऊर्जा आणि जमिनीची मॉडेल्स शिकायला त्यापेक्षा बरी जागा मला तरी माहीत नाही. देशातल्या इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्सच्या सोसायटीची परिषद असते तिथे एकदा नुसतं ऐकायला जा, कोण काय बोलतंय ते कळतं आणि चहाच्या वेळेत जी ओळख होते ती पाच ईमेलनी होत नाही.

पैशाचं बघ. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढलीस तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं, हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. वयाची अट ३० ची, बायकांना ५ वर्षं सूट. अर्थशास्त्राच्या नेटच्या सिलॅबसमध्ये पर्यावरणाचं युनिट आहेच, तर तुझा अभ्यास वाया जात नाही. जेआरएफ नसताना पीएचडीला बसू नकोस असं मी म्हणणार नाही, बसलेल्या आहेत मुली आणि झाल्याही आहेत, पण शिकवण्या घेत, घर सांभाळत सहा-सात वर्षं ओढत नेताना जो जीव जातो तो मी जवळून बघितलाय. म्हणून नेटचे आणखी दोन प्रयत्न दे आणि मगच ठरव, वर्ष गेलं म्हणून काही बिघडत नाही.

आणि एक, पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारी जर्नल्स. २०२२ च्या नियमांनंतर थीसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिली नाही, विद्यापीठ स्वतःचं काही लावू शकतं. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तर आता चांगलं-वाईट तुलाच ओळखावं लागणार. सोपी खूण सांगते, ज्या जर्नलमधले पेपर तू स्वतः आपल्या कामासाठी वाचलेस तिथेच पाठव, एनर्जी पॉलिसी असो, बायोमास अँड बायोएनर्जी असो की ईपीडब्ल्यू. परत आला तर शेरे वाच, रडून झाल्यावर.

आता बाबा. बाबांना सांग की एमपीपीएससी म्हणजे फक्त डेप्युटी कलेक्टर नाही, राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जागाही तेच भरतात आणि राज्याची सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्यपातळीची पात्रता परीक्षा, तीही तेच घेतात. म्हणजे तुझा नेट-सेटचा अभ्यास त्यांच्या यादीत बसतोच. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० चं. खोटं सांगत नाही, जागा थोड्या निघतात, निघाल्या तर कोर्टात अडकतात, मधली वर्षं गेस्ट फॅकल्टी म्हणून पिरियडवर काढावी लागतात, आणि शुद्ध पर्यावरण अर्थशास्त्राची म्हणून जाहिरात क्वचितच येते, तुला अर्थशास्त्राची म्हणूनच लागावं लागणार आणि पहिली काही वर्षं मायक्रोचे पेपर शिकवावे लागणार. त्यात वाईट काही नाही, मायक्रो शिकवल्याशिवाय स्वतःला नीट कळत नाही. विद्यापीठाबाहेर टेरी, सीईईडब्ल्यू, बंगळुरूची सीस्टेप असल्या धोरण-संशोधनाच्या संस्था आहेत, पगार बरा असतो, पण काम प्रोजेक्टवर चालतं आणि विषय तुझा नसतो, निधी देणाऱ्याचा असतो. महापालिकांनाही आता असली माणसं लागायला लागलीत. आपल्याच इंदूरने २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॉट सोलरसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून, तर असल्या कागदांमागे हिशोब करणारं कोणीतरी लागतंच. पण त्याच्या भरवशावर पीएचडी करू नकोस अजून.

तर आत्ता लगेच काय करायचं. विषयाचं नाव खोड आणि त्या जागी एक प्रश्न लिही, ज्याचं उत्तर हो, नाही किंवा आकड्यात येईल. माझे दोन घेतलेस तरी चालतील, किंवा नरवाईचा घे, की शेतकरी ती जाळायचं कधी थांबवेल, टनाला किती मिळाले तर, आणि बेलर, म्हणजे गठ्ठे बांधायचं यंत्र, कोणी आणलं तर. मग दोन पानं, जास्त नाही. पहिल्या पानावर प्रश्न आणि आकडे कुठून आणणार ते, दुसऱ्यावर उत्तर उलटं आलं तर काय करणार ते. हे घेऊन गाइडकडे जा, "सर मला बायोएनर्जीत इंटरेस्ट आहे" असं म्हणत जाऊ नकोस, तसे ईमेल आम्हाला रोज येतात.

आणि कॅलेंडर बघून जा. सोयाबीनवर काम करायचं तर मंडीत आवक दसऱ्याच्या पुढे-मागे सुरू होते, तेव्हा तिथे उभं राहता आलं पाहिजे. नरवाईवर करायचं तर गहू निघतो मार्च-एप्रिलात आणि कंबाइन फिरल्यावर शेतकऱ्याकडे मूग लावायला थोडेच दिवस असतात, त्याच दिवसांत तो जाळायचं की नाही ठरवतो, मे महिन्यात जाऊन विचारलंस तर सगळे म्हणतील आम्ही कधीच जाळत नाही.